मोठा फोर-के मॉनिटर घेताय? आधी टेबल मोजा

सांगली, मिरज, कुपवाड या पट्ट्यात लोकांना संगणक जोडून देणं हे माझं रोजचं काम. हल्ली गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "बत्तीस इंची घेऊ का त्रेचाळीस?" मी उलट विचारतो, "टेबल किती खोल आहे?" बहुतेक जण टेबलाची लांबी सांगतात, चार फूट, पाच फूट. भिंतीपासून खुर्चीकडच्या कडेपर्यंत किती जागा आहे, हे कुणी मोजलेलंच नसतं. मोठ्या मॉनिटरचा सगळा हिशेब या एका मापावर चालतो. किती इंची घ्यायचा, अक्षर किती मोठं ठेवायचं, गेम पूर्ण पडद्यावर खेळायचा की नाही, संध्याकाळी मान धरणार की नाही, हे सगळं डोळ्यापासून पडद्यापर्यंतच्या अंतरावरून ठरतं.

हा लेख पहिल्यांदाच मोठा पडदा घेणाऱ्यांसाठी आहे. दिवसभर टॅली आणि एक्सेल उघडून बसणारे, कुपवाड एमआयडीसीत कास्टिंगची ड्रॉइंग काढणारे, लग्नपत्रिका आणि फ्लेक्सचं डीटीपी करणारे, पुण्याच्या कंपनीचं काम विश्रामबागेतल्या घरातून करणारे, आणि यातलेच रात्री जेवणं झाली की गेम लावणारे.

१. टेप घेऊन खुर्चीत बसा

नेहमी जसे बसता तसे बसा. पाठ टेकवा. डोळ्याच्या कोपऱ्यापासून पडदा जिथं येईल तिथपर्यंत दुसऱ्या कुणाला तरी टेप धरायला सांगा. भिंतीपर्यंत मोजू नका, कारण मॉनिटरचा स्टँडच वीसेक सेंटिमीटर खातो आणि पडदा तेवढा पुढं येतो.

बाजारात मिळणारं तयार कॉम्प्युटर टेबल दीड ते दोन फूट खोल असतं. दोन फुटांच्या म्हणजे ६० सेंटिमीटरच्या टेबलावर स्टँडसकट मॉनिटर ठेवला तर डोळा ते पडदा अंतर ५५ ते ६० सेंटिमीटर पडतं. एवढ्यात २७ इंची नीट बसतो. ३२ इंचीला ७० ते ८० सेंटिमीटर हवेत. ४३ इंचीला ९० सेंटिमीटरच्या आत बसूच नका. त्याची रुंदी ९५ सेंटिमीटर आहे. ६० सेंटिमीटरवरून बघितलात तर एका कोपऱ्यातलं घड्याळ आणि दुसऱ्या कोपऱ्यातला मेनू बघायला डोळे पुरत नाहीत, मुंडी हलवावी लागते. दिवसभर.

२. मग इंच ठरवा

फोर-के म्हणजे आडवे ३८४० आणि उभे २१६० ठिपके, एकूण ८३ लाखांच्या आसपास. साध्या फुल एचडीच्या बरोबर चौपट. पडदा २७ इंची असो वा ४३, ठिपके तेवढेच, त्यामुळे पडदा मोठा होईल तशी त्यांची दाटी कमी होते. २७ इंचीत एका इंचात १६३ ठिपके, ३२ इंचीत १३८, ४३ इंचीत १०२. तुमच्याकडे सध्या २४ इंची फुल एचडी असेल तर त्यात ९२ आहेत. म्हणजे ४३ इंची फोर-के घेतला की अक्षराचा रेखीवपणा जवळपास जुन्याइतकाच राहतो, जागा मात्र चौपट मिळते. २७ इंचीत उलटं: जागा थोडीच वाढते, पण अक्षर छापल्यासारखं दिसतं. ३२ इंची या दोन्हींच्या मधला, आणि कुणी मला एकच सांगा म्हटलं तर मी तोच सांगतो.

डीटीपीवाल्यांसाठी एक माप देतो. ३२ इंची पडदा साधारण ७१ सेंटिमीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर उंच असतो. ए-फोर कागद २१ बाय २९.७. म्हणजे तीन ए-फोर पानं शेजारी शेजारी, खऱ्या मापात, उभी बसतात आणि वर-खाली टूलबारला जागा उरते. पत्रिकेचा मजकूर, गिऱ्हाइकानं व्हॉट्सअॅपवर पाठवलेला हस्तलिखित कागदाचा फोटो आणि जुना नमुना एकाच वेळी समोर. प्रुफं तपासायचं काम यानं किती हलकं होतं ते वापरल्यावर कळतं.

वक्र पडदा, अल्ट्रावाइड (जास्त रुंद) वगैरे प्रकार आहेत. ड्रॉइंग काढणाऱ्यांना वक्र पडद्यावर सरळ रेघ वाकडी भासते अशी तक्रार ऐकू येते, सवयीनं जाते. नवख्यानं सपाट घ्यावा.

पॅनेलचं, म्हणजे पडद्याच्या प्रकाराचं, म्हणाल तर दिवसभर कामासाठी आयपीएस. व्हीए पॅनेलमध्ये काळा रंग जास्त काळा दिसतो, पण स्वस्त व्हीएमध्ये वेगवान गेमला मागं काळपट शेपूट राहतं. ओएलईडी बघायला अप्रतिम, आणि गेमला त्याच्यासारखा पडदा नाही. पण टॅलीची तीच खिडकी, तोच टास्कबार रोज आठ तास एका जागी राहणार असेल तर त्याचा कायमचा डाग पडण्याची भीती असते. शिवाय काही ओएलईडींवर बारीक अक्षरांच्या कडांना रंगाची झाक दिसते. काम जास्त आणि खेळ कमी असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

३. "टीव्हीच लावला तर?"

हा प्रश्न येतोच, कारण ४३ इंची फोर-के टीव्ही त्याच मापाच्या मॉनिटरपेक्षा बराच स्वस्त पडतो. चालतो, पण अटींवर. टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्या एचडीएमआय इनपुटला 'पीसी' असं नाव किंवा मोड द्यावा लागतो, नाहीतर टीव्ही रंगाची माहिती कापून घेतो आणि काळ्यावरची लाल अक्षरं पसरट दिसतात. पडद्याच्या कडा कापल्या जात असतील तर ओव्हरस्कॅन बंद करा. गेमला 'गेम मोड' चालू नसेल तर माऊस हलवल्यावर बाण उशिरा हलतो. संगणक झोपला की टीव्ही आपणहून बंद होईलच असं नाही, पुष्कळदा 'नो सिग्नल' दाखवत जागाच राहतो. आणि दुकानात जाताना लॅपटॉप बरोबर न्या, पांढऱ्या पानावर काळी मराठी अक्षरं उघडून जवळून बघा. दुकानात लावलेला डोंगर-दऱ्यांचा डेमो व्हिडिओ सगळ्याच टीव्हींवर छान दिसतो.

४. तुमच्या संगणकाच्या डब्यातून फोर-के बाहेर पडतो का?

इथं सगळ्यात जास्त घोडं अडतं. मॉनिटर भारी, केबल जुनी किंवा पोर्ट जुना, आणि मग "मॉनिटर हँग होतो" म्हणून फोन.

एचडीएमआय १.४ वरून फोर-के येतो, पण सेकंदाला फक्त ३० चित्रं. माऊसचा बाण पाण्यातून ओढल्यासारखा वाटतो. एचडीएमआय २.० वरून ६० मिळतात, २.१ वरून १२० आणि पुढं. डिस्प्लेपोर्ट १.२ ला ६०, १.४ ला १२० ते १४४. जुन्या इंटेल बोर्डावर वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर एचडीएमआयमधून बऱ्याचदा ३०च येतात, त्याच बोर्डावर डिस्प्लेपोर्ट असेल तर त्यातून ६० मिळू शकतात. ते छिद्र आधी शोधा.

लॅपटॉपच्या टाइप-सी पोर्टमधून चित्र येतंच असं नाही. काही पोर्ट नुसते चार्जिंग आणि डेटाचे असतात. पोर्टशेजारी डिस्प्लेपोर्टचं 'डी' आकाराचं चिन्ह किंवा विजेची थंडरबोल्ट खूण आहे का बघा, नाहीतर मॉडेल नंबर टाकून कंपनीचं माहितीपत्रक वाचा. स्वस्त टाइप-सी हबही फोर-के लिहून ३० वरच अडकतात.

केबल मॉनिटरच्या खोक्यात आलेलीच वापरा. वेगळी घ्यायची तर ६० साठी 'प्रीमियम हाय स्पीड' आणि १२० साठी 'अल्ट्रा हाय स्पीड' असं प्रमाणपत्राचं लेबल बघा. नुसतं 'फोर-के' कुठल्याही केबलवर छापता येतं. दोन मीटरपर्यंत ठेवा. पडदा मधूनच सेकंदभर काळा होऊन परत येत असेल किंवा पांढरे ठिपके चमकत असतील तर आधी केबल बदला.

आणि ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डाच्या आडव्या पट्टीतल्या पोर्टला लावा, वरच्या मदरबोर्डच्या पोर्टला नाही. हसू नका, गेम अडखळतो म्हणून बोलावणं आलं की मी आधी डब्याच्या मागंच बघतो.

सगळं जोडलं की विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, अॅडव्हान्स्ड डिस्प्ले असं जा. तिथं ३८४० गुणिले २१६० आणि त्याखाली तुमच्या मॉनिटरचे पूर्ण हर्ट्झ (सेकंदाला किती चित्रं तो आकडा) दिसले पाहिजेत. १४४ हर्ट्झचा मॉनिटर वर्षानुवर्षं ६० वर चालवणारी माणसं आहेत. विंडोज स्वतःहून वाढवेलच याची खात्री नाही.

५. आणताना आणि पहिल्या दिवशी

पक्कं बिल घ्या. धंद्यासाठी घेत असाल तर बिलावर तुमचा जीएसटी नंबर घाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून सगळ्या मापांच्या मॉनिटरवर १८ टक्के कर आहे, पूर्वी ३२ इंचांपेक्षा मोठ्यावर २८ होता. ऑनलाइन मागवला तर खोकं उघडताना मोबाइलवर सलग व्हिडिओ काढा, लेबल दिसेल असा.

खोकं कायम उभं. ३२ इंचीचं खोकं दुचाकीवर मांडीत धरून आणायचा बेत करू नका, रिक्षा करा. बाहेर काढताना दोघं जण हवेत, हात कडेला आणि मागं, पडद्याच्या तोंडावर अंगठा दाबायचा नाही.

चालू केल्यावर पूर्ण पडद्यावर एकेक रंग लावून बघा: पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा. अडकलेला ठिपका लगेच दिसतो. किती ठिपके खराब असले तर मॉनिटर बदलून मिळतो, हे कंपनीच्या वॉरंटीत लिहिलेलं असतं, घेण्याआधीच वाचा. खोलीत अंधार करून काळ्या पडद्यावर कोपऱ्यातून उजेड गळतोय का बघा. थोडा गळतोच. परत करायची मुदत संपायच्या आत हे उरकून टाका.

६. टेबल करून घ्या, मिस्त्रीशी वाद घाला

मोठा मॉनिटर आणि दीड फुटाचं टेबल हा संसार टिकत नाही. मी गिऱ्हाइकाला सांगतो, मॉनिटरमधून दोन-तीन हजार कमी करा आणि फळी करून घ्या. १९ एमएमचा प्लाय, अडीच फूट खोल. आमच्या भागातला सुतार हे माप ऐकून हमखास थांबतो.

"मालक, अडीच फूट कशाला ओ? स्वयंपाकाचा ओटासुद्धा दोन फुटांचा करतो आम्ही."

"मिस्त्री, ओट्यावर कोण समोर बघत आठ तास बसतं? अडीचच करा. आणि मागच्या कडेला मधोमध दोन इंचांचं भोक पाडा, वायरी खाली सोडायला."

भोक जाड प्लगच्या मापाचं पाडून घ्यावं. अर्ध्या इंचाचं पाडलं तर एचडीएमआयचं टोक जात नाही आणि मग दोन सूत, दोन सूत करत कानस चालवत बसावं लागतं.

स्टँडऐवजी हलता हात (मॉनिटर आर्म) लावला तर पडदा भिंतीला टेकवता येतो आणि वीसेक सेंटिमीटर खोली परत मिळते. मॉनिटरच्या मागं चार स्क्रूंची चौकट असते, मधलं अंतर बहुधा १०० बाय १०० मिलिमीटर. मोठ्या पडद्यांना २०० चीही असते. हाताचं वजनाचं माप मॉनिटरच्या स्टँडशिवायच्या वजनापेक्षा थोडं जास्त हवं. हा हात टेबलाच्या कडेला शिकंज्यानं आवळतात, आणि भुशाच्या बोर्डाचं तयार टेबल तिथंच चुरतं. खाली-वर प्लायचा तुकडा द्या. काचेच्या टेबलाला तर लावूच नका. गावभागातल्या जुन्या घरांच्या मातीत बांधलेल्या भिंतीला खिळी धरत नाही. तिथं भिंतीवर टांगण्याऐवजी टेबलावरच ठेवा.

उंची: २७ आणि ३२ इंचीला पडद्याची वरची कड डोळ्याच्या रेषेत किंवा किंचित खाली. ४३ इंची एवढा खाली येतच नाही, कारण तोच ५३ सेंटिमीटर उंच आहे. म्हणून त्याला शक्य तितका टेबलाला टेकवा, थोडा मागं झुकवा, आणि रोजचं काम खालच्या दोन-तृतीयांशात ठेवा. वरच्या पट्टीत मेल, गाणी, सर्व्हरचा आलेख अशी अधूनमधून बघायची चीज.

चष्म्याला प्रोग्रेसिव्ह काच असलेल्यांनी हे जास्त मनावर घ्या. खालच्या काचेतून वरचा कोपरा वाचायला मान मागं टाकावी लागते, आणि दोन आठवड्यांत खांदे बोलायला लागतात. चष्मेवाल्याला तुमच्या अंतराचं माप सांगून संगणकापुरता वेगळा चष्मा करून घेतलेला बरा.

खिडकी पडद्याच्या बाजूला हवी. समोर असेल तर डोळे दिपतात, पाठीशी असेल तर पडद्यात खिडकीच दिसते. एप्रिल-मेमध्ये पश्चिमेची खिडकी दुपारी तीननंतर काय करते हे सांगलीकरांना सांगायला नको, तिथं कापडी पडदा लावा आणि मॉनिटरच्या मागं हवा खेळायला बोटभर जागा सोडा.

७. मराठी अक्षराला जास्त जागा लागते

फोर-के लावल्यावर पहिल्यांदा अक्षरं मुंगीएवढी होतात. विंडोजमध्ये 'स्केल' नावाची टक्केवारी असते, ती वाढवली की ठिपके तेवढेच राहतात पण अक्षर, चित्रं, बटणं मोठी होतात. सुरुवात अशी करा: २७ आणि ३२ इंचीला १५० टक्के, ४३ इंचीला १०० किंवा १२५. १५० टक्क्यांवर कामाची जागा २५६० बाय १४४० एवढी उरते, २०० वर फुल एचडीएवढी, पण अक्षर फार रेखीव.

इंग्रजीतले व्हिडिओ बघून लोक ३२ इंची १०० किंवा १२५ वर ठेवतात. इंग्रजी वाचायला ते चालून जातं. देवनागरीत मात्र अक्षराच्या वर रफार, वेलांटी, अनुस्वार आणि खाली उकार, एवढं सगळं त्याच उंचीत कोंबलेलं असतं. अक्षर बारीक झालं की 'तें' आणि 'ते', 'द्ध' आणि 'ध्द' यांतला फरक आधी जातो. सातबाऱ्यावरची नावं, दस्ताचा मसुदा, पत्रिकेतली आडनावं तपासायची असतील तर तुमच्या मराठी फाइलवरच स्केल ठरवा. निर्मला यूआयमध्ये ११ आकाराचा मजकूर उघडा, खुर्चीत टेकून बसा, आणि पुढं न वाकता जोडाक्षर वाचता आलं की ती टक्केवारी तुमची. एक्सेलमध्ये आणि ब्राउजरमध्ये वेगळं झूम असतं, ते त्यानंतर.

बदल केल्यावर एकदा साइन आउट करून परत या. क्लिअरटाइप नावाची, अक्षरं स्पष्ट करायची विंडोजमधली सोय शोधून तिच्या पायऱ्या पुऱ्या करा, दोन मिनिटांचं काम आहे.

जुनी सॉफ्टवेअर हा वेगळा ताप. मराठी टायपिंगच्या आणि हिशेबाच्या जुन्या आवृत्त्या स्केल केल्यावर धूसर दिसतात. त्या प्रोग्रॅमच्या चिन्हावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कॉम्पॅटिबिलिटी, चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज. तिथं खालच्या चौकटीवर टिक करून 'सिस्टिम एन्हान्स्ड' निवडा. बऱ्याच वेळा अक्षर सुधारतं. नाही सुधारलं तर 'अॅप्लिकेशन' निवडा, मग चित्र स्वच्छ पण बारीक होतं. त्या प्रोग्रॅममध्ये स्वतःचा फाँट वाढवायची सोय असेल तरच त्याचा उपयोग.

मॅकवाल्यांनी 'लुक्स लाइक' २५६० बाय १४४० निवडावं आणि कामाला लागावं.

उजेड कमी करा. कारखान्यातून मॉनिटर दुकानात उठून दिसेल इतका भगभगीत येतो. पडद्यावर कोरं पांढरं पान उघडा, शेजारी खरा कागद धरा. पडदा कागदापेक्षा बराच चमकत असेल तर तो खाली आणा, दोघं सारखे दिसेपर्यंत. रात्री परत कमी करावा लागेल. डोळ्यांसाठी जुना नियम: दर २० मिनिटांनी २० फुटांवरचं काहीतरी २० सेकंद बघा.

८. खिडक्या मांडायला शिका

मोठ्या पडद्यावर एकच खिडकी पूर्ण ताणून ठेवणाऱ्यांनी पैसे वाया घालवले. पूर्ण ताणलेल्या ब्राउजरमध्ये बातमीची एक ओळ पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते आणि पुढची ओळ सापडत नाही.

विंडोज ११ मध्ये विंडोजची कळ आणि झेड दाबा, तयार मांडण्या दिसतात. विंडोजची कळ आणि बाण हे रोजचं हत्यार. याहून हवं तसं करायचं तर मायक्रोसॉफ्टचं पॉवरटॉइज फुकट आहे, त्यातल्या फॅन्सीझोन्समध्ये पडद्याचे तुम्हाला हवे तसे भाग पाडता येतात आणि शिफ्ट दाबून खिडकी ओढली की ती त्या भागात जाऊन बसते. हिशेबवाल्यांनी मधला भाग रुंद ठेवून त्यात टॅली, डावीकडं बँकेचं स्टेटमेंट, उजवीकडं वर जीएसटीचं पोर्टल आणि खाली व्हॉट्सअॅप, असं एकदा लावून बघावं. मार्चअखेर सुखाची जाते.

माऊसचा बाण हरवतो, हे धरूनच चाला. पॉवरटॉइजमध्ये 'फाइंड माय माऊस' चालू केलं की डावी कंट्रोल दोनदा दाबल्यावर बाणाभोवती प्रकाशाचं कडं येतं. बाणाचा आकारही वाढवा. जुना ८०० डीपीआयचा (बाण किती वेगानं सरकतो त्याचं माप) माऊस असेल तर एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला तीन वेळा उचलावा लागतो, १६०० चा घ्या.

९. रात्रीचा गेम

फोर-केत गेमला फुल एचडीच्या चौपट ठिपके रंगवायचे असतात. काल ६० चित्रं देणारं कार्ड आज अडखळलं तर कार्ड बिघडलेलं नाही. नवं कार्ड घ्यायच्या आधी पुढचं करून बघा.

एक, गेमच्या सेटिंगमध्ये अपस्केलिंग शोधा. एनव्हिडियाचं डीएलएसएस, एएमडीचं एफएसआर, इंटेलचं एक्सईएसएस. यात गेम आतून कमी ठिपक्यांत काढला जातो आणि नंतर फोर-केपर्यंत भरला जातो. 'क्वालिटी'वर तो आतून साधारण १४४० चा (हा उभ्या ठिपक्यांचा आकडा) असतो, 'परफॉर्मन्स'वर १०८० चा. ३२ इंचीवर ७५ सेंटिमीटरवरून क्वालिटी आणि मूळ फोर-के यातला फरक खेळताना फारसा लक्षात येत नाही. आधी क्वालिटी, नाही जमलं तर बॅलन्स्ड.

दोन, अपस्केलिंग नसलेल्या जुन्या गेमला १०८० वर आणलं तर चित्र जितकं खराब होईल असं वाटतं तितकं होत नाही, कारण फोर-केचे चार ठिपके मिळून एक ठिपका नेमका बनतो. कार्डाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये 'इंटिजर स्केलिंग' असेल तर चालू करा. १४४० मात्र नेमकं भागत नाही, दीडपट होतं, म्हणून किंचित पुसट दिसतं.

तीन, सावल्या आणि रे-ट्रेसिंग (उजेड आणि प्रतिबिंबांचा हिशेब) खाली आणा, टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागाचा बारकावा) राहू द्या. पण टेक्स्चरला कार्डाची मेमरी लागते. नव्या मोठ्या गेमना फोर-केत ८ जीबी अपुरी पडू लागली आहे. नवं कार्ड घेणारच असाल तर १२ च्या खाली घेऊ नका, १६ असेल तर उत्तम.

व्हॅलोरंटसारख्या नेमबाजीच्या गेमची कथा वेगळी. तो हलका आहे, चित्रं भरपूर मिळतात, पण पडदा एवढा मोठा की कोपऱ्यातला नकाशा नजरेत राहत नाही. ४३ इंचीवाल्यांसाठी नामी युक्ती: गेमचं रिझोल्यूशन २५६० बाय १४४० ठेवा आणि कार्डाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये 'नो स्केलिंग' किंवा 'सेंटर' निवडा. पडद्याच्या मधोमध जवळपास २९ इंचाचा, अगदी रेखीव चौकोन मिळतो, बाकी काळं. कार्डावरचा भारही निम्म्याहून कमी होतो. शर्यतीचा किंवा फिरून बघायचा गेम असला की परत पूर्ण पडदा. ३२ इंचीवर ही युक्ती करू नका, चौकोन २१ इंचाचाच उरतो.

व्हेरिएबल रिफ्रेश, म्हणजे कार्ड देईल त्या वेगानं पडद्यानं चित्र बदलायची सोय (फ्रीसिंक किंवा जी-सिंक), मॉनिटरच्या मेनूत आणि कार्डाच्या पॅनेलमध्ये, दोन्हीकडं चालू करावं लागतं. चित्रं ५० ते ६० मध्ये खालीवर होत असतील तेव्हा याचा खरा फायदा. एचडीआरचं, म्हणजे उजळ आणि गडद भाग जास्त ठळक दाखवायच्या सोयीचं, म्हणाल तर '४००' चा शिक्का असलेल्या मॉनिटरवर ते चालू करून बहुधा रंग फिकेच पडतात. गेमपुरतं लावून बघा, आवडलं नाही तर बंद. गेममधली अक्षरं बारीक दिसली तर सेटिंगमध्ये 'यूआय स्केल' किंवा 'एचयूडी साइज' असतं.

१०. लाईट, अर्थिंग, वळीव

३२ इंची मॉनिटर साधारण ४० ते ६० वॅट खातो, त्याचं काही नाही. यूपीएसवर खरा भार गेमच्या डब्याचा. ६०० व्हीएच्या यूपीएसची ताकद प्रत्यक्षात ३६० वॅटच्या आसपास असते. दोनशे वॅटचं कार्ड, शंभर वॅटचा प्रोसेसर आणि मॉनिटर मिळून ती संपते, आणि गेम रंगात असताना लाईट गेली की यूपीएस नुसता 'पीं' करून बसतो. गेमवाल्यांनी १००० व्हीए किंवा वरचा घ्यावा. घरच्या इन्व्हर्टरवर चालवायचा असेल तर साइन वेव्ह हवा, काही चांगल्या एसएमपीएसना (डब्यातला वीज पुरवणारा भाग) चौकोनी लहर मानवत नाही.

अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. केबल लावताना डब्याच्या पत्र्याला हात लागून मुंग्या येत असतील तर ते नक्की नीट नाही, आणि तसंच केबल काढ-घाल करत राहिलात तर पोर्ट जळतो. केबल जोडताना दोन्हीकडची बटणं बंद.

वळवाच्या दिवसांत, संध्याकाळी आभाळ भरून आलं की प्लग भिंतीतून उपटा. बटण बंद करून भागत नाही. इंटरनेटच्या राउटरला तांब्याची वायर येत असेल तर तीही काढा.

११. काजळी, चिलटं आणि पूर

गळीत हंगामात गच्चीवर साखर कारखान्याची काळी राख पडते, तीच खिडकीतून पडद्यावर येते. ती कोरड्या फडक्यानं दाबून पुसली तर ओरखडे उठतात. आधी मऊ ब्रशनं झटका, मग मायक्रोफायबर साध्या पाण्यात किंचित ओलं करून हलक्या हातानं. काच पुसायचा निळा स्प्रे नको, मॅट पडद्याचा थर जातो. पाणी कधीही थेट पडद्यावर मारू नका, ओघळ खालच्या पट्टीत शिरतो.

पावसाळ्यात, विशेषतः हरिपूर रस्त्याला किंवा शेताच्या कडेला राहणाऱ्यांकडं, उजेडावर बारीक चिलटं येतात. कधी एखादं पॅनेलच्या फटीतून आत शिरून पडद्याच्या आत चालताना दिसतं. माणूस सवयीनं बोट दाबतो. चिरडलेलं चिलट तिथंच राहतं, अगदी मधोमध, आणि पॅनेल उघडल्याशिवाय निघत नाही. बोट लावू नका. मॉनिटर बंद करा, खोलीत अंधार करा, बाजूला एक छोटा दिवा लावून ठेवा. बहुतेक वेळा ते आलं तसं बाहेर जातं. संध्याकाळी काम करताना खोलीतला दिवा पडद्यापेक्षा मंद ठेवू नका आणि खिडकीला जाळी लावा.

राहिलं खोकं. थर्माकोलसकट माळ्यावर ठेवा, रद्दीत देऊ नका. वॉरंटीत मॉनिटर पाठवायची वेळ आली तर त्याशिवाय चालत नाही, आणि नदीकाठच्यांना त्याचं दुसरंही कारण आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरात तळमजल्यावरचं सामान हलवताना लोकांनी मॉनिटर चादरीत गुंडाळून नेले. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. पाणी तिशीच्या पुढं चढायला लागलं की सावकाश, हाताशी वेळ असताना मॉनिटर स्टँडवरून काढा, पडद्याचं तोंड थर्माकोलच्या मऊ बाजूला करून खोक्यात घाला, केबली आणि स्टँडचे स्क्रू एका पिशवीत बांधून त्याच खोक्यात टाका आणि वरच्या मजल्यावर भिंतीला टेकवून उभं ठेवा. त्याच्यावर गाद्या रचू नका.